बेरोजगारीचा आकडा येतो कुठून?

१५ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने देशाचा मासिक बेरोजगारी दर पहिल्यांदाच जाहीर केला. एप्रिल महिन्यासाठी तो होता ५.१ टक्के. असा आकडा आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘आमच्याकडे तर कोणी विचारायला आलं नाही.’ दुसरी, ‘आमच्या गावात निम्मी पोरं रिकामी बसलीत, पाच टक्के कसले?’ पहिलीचं उत्तर सोपं आहे. दुसरीचं उत्तर द्यायला जरा वेळ लागतो, कारण आकडा खोटा आहे की खरा याच्या आधी तो कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे पाहावं लागतं.

हा आकडा ज्यातून येतो त्या पाहणीचं नाव ‘नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण’. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे तिला पीएलएफएस म्हणतात. सांख्यिकी मंत्रालयाच्या अखत्यारीतलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ती करतं. सेवायोजन कार्यालयात किती जणांनी नाव नोंदवलं किंवा भविष्य निर्वाह निधीची किती नवी खाती उघडली, याच्याशी तिचा काही संबंध नाही. माणसं प्रत्यक्ष दारात जातात, टॅब उघडतात आणि विचारतात.

आधी पहिल्या तक्रारीचं उत्तर. शितावरून भाताची परीक्षा आपण रोज करतो. फक्त पातेलं नीट ढवळलेलं हवं, वरवरचं शीत उचलून उपयोग नाही. नमुना पाहणीची सगळी कारागिरी या ढवळण्यात असते. सगळी गावं सुगीच्या महिन्यात गाठली तर देशात काम भरपूर दिसेल. सगळी घरं डांबरी रस्त्याच्या कडेची घेतली तर नोकरदार जास्त दिसतील. म्हणून कोणतं गाव, कोणतं घर आणि कोणता महिना, यातलं काहीही पाहणी करणाऱ्याच्या मर्जीवर ठेवलेलं नसतं.

जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या आराखड्यात प्रत्येक जिल्ह्याचा वेगळा विचार होतो आणि त्यात ग्रामीण व शहरी असे भाग पडतात. ग्रामीण भागात निवडीचं एकक म्हणजे गाव. मोठं गाव असेल तर त्याचे तुकडे पाडून त्यातले काही घेतात. शहरात एकक म्हणजे ब्लॉक. सांख्यिकी कार्यालय शहरांचे नकाशे करून गल्ल्या, नाले, रस्ते यांच्या हद्दी धरून असे ब्लॉक आखतं, आणि हे काम सतत चालू असतं. वर्षभरासाठी देशातून अशी २२,६९२ एककं निवडायची ठरली : १२,५०४ ग्रामीण आणि १०,१८८ शहरी. प्रत्येकातून १२ घरं. म्हणजे वर्षाला २,७२,३०४ घरं. आधीच्या आराखड्यात ही संख्या लाखभर होती.

देशात २०११ च्या जनगणनेतच जवळपास २५ कोटी कुटुंबं होती. त्यामुळे तुमच्या दारात कोणी आलं नाही यात नवल काहीच नाही. आलं असतं तर तुम्ही हजारात एक ठरला असता. उलट, निवडलेलं प्रत्येक घर आपल्यासारख्या शेकडो-हजारो घरांच्या वतीने बोलत असतं. ते नेमकं किती घरांच्या वतीने, हे त्या भागात निवडीची शक्यता किती होती यावरून ठरतं आणि हिशेब करताना प्रत्येक उत्तराला तेवढ्याने गुणलं जातं. सिक्कीममधल्या घराचा गुणक आणि बिहारमधल्या घराचा गुणक यात म्हणूनच मोठा फरक असतो. कच्ची उत्तरं नुसती मोजून टक्केवारी काढली तर उत्तर साफ चुकेल. पाहणीची मूळ माहिती सरकार सगळ्यांसाठी खुली करतं, आणि हौशी मंडळी ती उतरवून घेऊन नेमकी हीच चूक करतात.

गाव ठरलं तरी घर लगेच ठरत नाही. कर्मचारी आधी त्या एककातल्या सगळ्या घरांची यादी करतो, अगदी कुलूप लावलेल्या घरांसकट. यादी करतानाच प्रत्येक घरात दहावी किंवा त्याहून जास्त शिकलेली माणसं किती, हे विचारून ठेवतो. २०१७ च्या आराखड्यात यावरून घरांचे तीन गट पडत आणि एकूण आठ घरं दोन, चार, दोन अशी त्या गटांमधून निघत. शिक्षणच का? कारण आपल्याकडे बेरोजगारी आणि शिक्षण यांचं नातं उलटं आहे. अजिबात न शिकलेल्या माणसाला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो. वाट बघत बसतो तो पदवीधर. शिकलेल्यांची घरं नमुन्यात पुरेशी आली नाहीत तर बेरोजगार सापडणारच नाहीत.

एकाच घरात चार वेळा

मासिक आकडा काढायचा तर दर महिन्याला नवी घरं शोधणं महाग पडतं, शिवाय घरं बदलली म्हणून आकडा हलला की काम गेलं म्हणून, हे कळत नाही. यावर उपाय म्हणजे घरांची फिरती तुकडी. निवडलेल्या घरी सलग चार महिने जायचं : पहिल्या महिन्यात सविस्तर प्रश्नावली, पुढचे तीन महिने छोटी. दर महिन्याला एक तुकडी बाहेर पडते आणि एक नवी आत येते. गणित सरळ आहे. २२,६९२ भागिले १२ म्हणजे दर महिन्याला १,८९१ नवी एककं. कोणत्याही महिन्यात चार तुकड्या चालू, म्हणजे साडेसात हजारांच्या आसपास एककं आणि नव्वद हजारांच्या आसपास घरं. लागोपाठच्या दोन महिन्यांत तीन चतुर्थांश घरं तीच असल्यामुळे बदल बराच विश्वासाने मोजता येतो. २०२५ च्या आधी ही फिरती पद्धत फक्त शहरात होती, तीही तीन-तीन महिन्यांच्या अंतराने. गावातल्या घरी एकदाच जायचे. त्यामुळे शहराचा तिमाही आकडा यायचा आणि खेड्याला वर्षभर थांबावं लागायचं. निम्म्याहून जास्त देश खेड्यात राहत असताना हे विचित्रच होतं.

या पद्धतीचे तोटेही आहेत. चौथ्यांदा तोच माणूस दारात दिसला की घरचे कंटाळतात. ‘काम करतो’ म्हटलं की पुढे दहा प्रश्न येतात, हे तोवर त्यांना कळलेलं असतं. अमेरिकेत अशीच पाहणी सुमारे ६० हजार घरांमध्ये दर महिन्याला होते. तिथे एका घराला चार महिने भेट देतात, आठ महिने सोडतात आणि पुन्हा चार महिने जातात. पहिल्या भेटीतली उत्तरं आणि नंतरची उत्तरं यांचा कल थोडा वेगळा असतो, हे तिथल्या अभ्यासकांनी फार पूर्वीच दाखवलं आहे. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या सोसायट्यांमध्ये तर वॉचमनच्या पुढे जाता येणं हीच पहिली लढाई. कोविडच्या काळात मार्च २०२० मध्ये प्रत्यक्ष काम थांबवावं लागलं आणि पुढे बऱ्याच पुनर्भेटी फोनवर उरकाव्या लागल्या.

‘काही नाही, घरीच असते’

आता मूळ मुद्दा. सगळं काटेकोर आखलं, घर बिनचूक निवडलं, तरी आकडा ठरतो तो दारातल्या दहा मिनिटांत. एखाद्या दुष्काळी तालुक्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. घरचा कर्ता ओट्यावर बसलेला. सगळ्या घराची माहिती बहुतेक वेळा एकच माणूस देतो, तशी तोच देतोय.

‘काका, काकू काय करतात?’
‘काय नाय, घरीच असती.’

इथे प्रश्न थांबला तर काकूंच्या नावापुढे कोड पडतो ९२, म्हणजे फक्त घरकाम. त्या श्रमशक्तीच्या बाहेर गेल्या. काम करणाऱ्यांतही नाहीत, बेरोजगारांतही नाहीत. कर्मचारी मुरलेला असेल तर तो उठत नाही.

‘म्हशी किती?’
‘दोन.’
‘धार कोण काढतं?’
‘तीच की.’
‘डेअरीला दूध जातं?’
‘सकाळचं जातं.’
‘शेतात खुरपायला?’
‘आपल्याच रानात. दुसऱ्याच्यात नाय जात.’

आता कोड झाला २१ : घरच्या व्यवसायात बिनपगारी मदतनीस. काकू कामकरी झाल्या. त्यांच्या दिवसात काहीही बदललेलं नाही, हातात एक रुपयाही जास्त आलेला नाही, पण देशाच्या महिला श्रमसहभागात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या बायकांच्या प्रमाणात, एका गुणकाची भर पडली. त्याच काकू म्हशी विकून टाकून नुसतं सरपण आणि चारा गोळा करत असत्या, घरच्यांचे कपडे शिवत असत्या, तर कोड ९३ पडला असता आणि त्या पुन्हा श्रमशक्तीच्या बाहेर.

हे बारकावे किरकोळ वाटतील, पण गेल्या दशकातला आपल्या रोजगार आकडेवारीतला सगळ्यात मोठा वाद इथेच आहे. १५ वर्षांवरील महिलांचा श्रमसहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत अशी झेप. सरकार म्हणतं, बायका कामात आल्या. काही अर्थतज्ज्ञ म्हणतात, घरची कमाई पुरेना म्हणून यावं लागलं. आणखी काही म्हणतात, त्या आधीही कामात होत्याच, आता प्रश्न खोदून विचारला जातो. वाढ मुख्यतः खेड्यात आणि स्वयंरोजगारात, त्यातही शेतीत आहे, यावर मात्र फारसं दुमत नाही. मला विचाराल तर तिन्ही गोष्टींत तथ्य आहे, आणि त्यांचं प्रमाण वेगळं करून दाखवणं या पाहणीच्या आवाक्याबाहेर आहे.

आंतरराष्ट्रीय तुलनेतही हाच अडथळा येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सांख्यिकी परिषदेने २०१३ मध्ये नवी व्याख्या केली : मुख्यतः घरी खाण्यापुरतं पिकवणं हे काम आहे, पण त्याला रोजगार म्हणू नये. आपण अजून जुन्या व्याख्येने जातो. घरच्यापुरती ज्वारी पिकवणाराही आपल्या हिशेबात रोजगारात आहे.

आठवडा की वर्ष?

मासिक आकड्यासाठी विचारतात मागच्या सात दिवसांबद्दल. त्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल तर तो माणूस कामकरी. एक तासही केलं नाही, पण काम शोधलं किंवा मिळालं असतं तर करायची तयारी होती, तर बेरोजगार. दोन्ही नाही, तर श्रमशक्तीच्या बाहेर.

एक तास? हा नियम ऐकून लोक चिडतात आणि ते मी समजू शकतो. पण तो आपल्या सरकारने शोधलेला नाही, जगभर हाच चालतो. त्यामागचा विचार असा की देशाच्या उत्पादनात ज्या ज्या श्रमाची भर पडली तो सगळा श्रम रोजगाराच्या बाजूला दिसला पाहिजे. तो एक तास पोट भरायला पुरतो का, हे बघायला वेगळे रकाने आहेत. पीएलएफएसमध्ये आठवड्यातल्या प्रत्येक दिवशी किती तास काम केलं हे विचारलं जातं, आणि कमाई किती हेही. दुर्दैव इतकंच की मथळ्यात बेरोजगारी दर येतो, तासांचा तक्ता कोणी उघडत नाही.

दुसरी मोजणी वर्षाची. मागच्या ३६५ दिवसांत माणसाचा जास्तीत जास्त वेळ कशात गेला, आणि मुख्य काम दुसरं काही असलं तरी जोडीला एखादं काम निदान ३० दिवस केलं का. या चाळणीतून फार थोडे बेरोजगार उरतात, कारण वर्षात महिनाभरसुद्धा काहीच केलं नाही असा माणूस आपल्याकडे दुर्मीळ. २०२३-२४ ची एकच पाहणी, तीच घरं, तीच माणसं. वर्षाच्या मापाने बेरोजगारी ३.२ टक्के आणि आठवड्याच्या मापाने ४.९ टक्के. मे २०२५ मध्ये मासिक ५.१ चा आकडा आल्यावर त्याची तुलना ३.२ शी करून ‘बेरोजगारी उसळली’ म्हणणं म्हणूनच चुकीचं. मे महिन्याचा दर ५.६ आला, तो मात्र एप्रिलच्या जोडीला ठेवता येतो, कारण माप तेच. फक्त तेव्हाही रब्बीची कामं संपलेली असतात हे विसरू नये. या मासिक आकड्यांमधून ऋतूंचा परिणाम काढून टाकलेला नसतो.

एकाच आकड्यावर विसंबू नका हा सल्ला तसा जुना आहे. १९७० मध्ये मुंबईचे अर्थशास्त्रज्ञ एम. एल. दांतवाला यांच्या समितीने नियोजन आयोगाला हेच सांगितलं होतं. शेतीप्रधान देशात बहुतेक माणसं स्वतःच्याच कामावर असतात, पूर्ण रिकामी क्वचितच असतात, कमी काम आणि कमी कमाई हेच त्यांचं दुखणं. तेव्हा सगळ्यांना एका टक्केवारीत कोंबू नका. त्यानंतर १९७२-७३ पासून साधारण दर पाच वर्षांनी मोठी रोजगार पाहणी होत राहिली. शेवटची २०११-१२ ची. पाच वर्षांनी येणारा आकडा धोरणाला काय कामाचा, या तक्रारीतून एप्रिल २०१७ मध्ये पीएलएफएस सुरू झाली. तिचा पहिलाच वार्षिक अहवाल रखडला. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले, अहवाल वर्तमानपत्रात फुटला आणि लोकसभा निवडणुकीनंतर ३१ मे २०१९ ला तो अधिकृतपणे आला. त्यात वर्षाच्या मापाने बेरोजगारी होती ६.१ टक्के. आता दर महिन्याला ठरलेल्या तारखेच्या सुमारास आकडा बाहेर येतो. आधीच जाहीर झालेली तारीख ही मला या सगळ्या सुधारणांमधली सर्वांत मोलाची वाटते, कारण एकदा तारीख जाहीर असली की आकडा दाबून ठेवणं लगेच डोळ्यांवर येतं.

गावातली निम्मी पोरं

आता त्या दुसऱ्या तक्रारीकडे. बेरोजगारी दर लोकसंख्येच्या टक्केवारीत नसतो. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जी श्रमशक्ती होते, तिच्यातले काम शोधणारे किती टक्के, एवढंच तो सांगतो. समजा एका वस्तीत शंभर प्रौढ आहेत. ५० कामावर, ५ कामाच्या शोधात, बाकीचे ४५ बाहेर. श्रमशक्ती ५५, बेरोजगारी ९.१ टक्के. शोधणाऱ्यांपैकी दोघांनी कंटाळून नाद सोडला. आता श्रमशक्ती ५३, बेरोजगार ३, दर ५.७ टक्के. नोकरी एकही वाढली नाही, दर मात्र झकास उतरला. म्हणून या दराच्या शेजारी एकूण प्रौढांपैकी कामावर किती, हा आकडा ठेवूनच वाचावं. एप्रिल २०२५ मध्ये १५ वर्षांवरच्यांत श्रमसहभाग ५५.६ टक्के होता. म्हणजे शंभरातले ४४ जण बेरोजगारीच्या गणितात धरलेच नव्हते.

पुण्यात अभ्यासिकेत बसून एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलाचंच पाहा. पाहणीच्या दृष्टीने ज्यांची चूल एक ते घर एक. हा कॉटबेसिसवर राहतो, मेसमध्ये जेवतो, सहा महिन्यांहून जास्त काळ इथे आहे. म्हणून गावच्या घरात त्याला धरत नाहीत, तो स्वतःच एका माणसाचं घर आहे. तो कोणत्या कोडात? संस्थेत नाव घातलं असेल तर विद्यार्थी. ‘काम मिळालं तर कराल का?’ याला ‘हो’ म्हणाला तर बेरोजगार. ‘पोस्टच काढायची आहे, दुसरं काही नको’ म्हणाला तर श्रमशक्तीच्या बाहेर. आणि मागच्या आठवड्यात दोन तास कोणाची शिकवणी घेतली असेल, तर कामकरी, कारण काम हे बाकी सगळ्यावर मात करतं. गावातले लोक त्याला एकाच शब्दात रिकामा म्हणतील. गावातली निम्मी पोरं आणि पाहणीतले पाच टक्के यांच्यातलं अंतर बरंचसं इथे आहे. पारावर बसलेला मुलगा सकाळी वडिलांबरोबर मोटर चालू करून पाणी देऊन आलेला असतो. पाहणीने त्याला कामकरी म्हटलं तर ते व्याख्येला धरून आहे. त्याच्या आईने त्याला बेकार म्हटलं तर तेही खरंच.

काही माणसं मात्र कोणत्याच व्याख्येमुळे नाही, तर पत्त्यामुळे हुकतात. बीडमधली ऊसतोडीला जाणारी जोडपी दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. गैरहजेरी सहा महिन्यांच्या आत, म्हणजे नियमाने ती गावच्या घरातच मोजायची. म्हातारे घरी असले तर नोंद होतेही. सगळं कुटुंबच गेलं असेल तर यादी करणाऱ्याला कुलूप दिसतं. मुकादम नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो, उचलही जोडीला मिळून देतो. पाहणीच्या तक्त्यात मात्र दोघांचं काम आणि दोघांची कमाई वेगवेगळी लिहायची असते. ती कशी वाटून लिहायची, हे अखेर उत्तर देणाऱ्यावर आणि लिहिणाऱ्यावरच राहतं. तुरुंग, बरॅक, अनाथाश्रम पाहणीत नसतात. ठावठिकाणा नसलेले भटकेही नसतात. एकाच पुलाखाली कायम राहणारं कुटुंब मात्र यादीत येऊ शकतं.

जिल्ह्याचा आकडा मागणाऱ्यांनी एक हिशेब करावा. देशात साडेसातशेहून जास्त जिल्हे आहेत. २२,६९२ एककं त्यांच्यात वाटली तर वर्षाला सरासरी तीसच्या आत एककं आणि साडेतीनशेच्या आसपास घरं एका जिल्ह्याच्या वाट्याला येतात. वर्षाअखेर यातून जिल्ह्याचा ढोबळ अंदाज येईल, महिन्याचा नाही. ‘आमच्या जिल्ह्याची या महिन्याची बेरोजगारी’ असा काही आकडा कोणी फिरवत असेल, तर तो या पाहणीतून आलेला नाही.

आराखडा बदलल्यामुळे २०२५ च्या आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे सरळ एका रेषेत जोडता येत नाहीत. वर्षसुद्धा आधी जुलै ते जून होतं, आता जानेवारी ते डिसेंबर आहे. शिवाय गावांची यादी अजून २०११ च्या जनगणनेवर उभी आहे. पुण्या-नाशिकच्या कडेला त्यानंतर इमारतींनी भरून गेलेली गावं त्या यादीत अजून जुन्याच लोकसंख्येनिशी उभी आहेत. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तिच्या याद्या हाती आल्या की गावं पुन्हा निवडावी लागतील, गुणक पुन्हा काढावे लागतील, आणि मालिकेत आणखी एक तुटका सांधा पडेल.